चारूला नेमके काय हवे होते?

सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) पाहून आणि तो ज्या कथेवर बेतला आहे ती रवींद्रनाथ टागोरांची 'नष्टनीड' (१९०१) भाषांतरात वाचून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. चारूची अमलबद्दलची ओढ हे प्रेम आहे, शरीराची इच्छा आहे की एकटेपणातून जडलेली सवय. चित्रपट इतका देखणा आहे की त्या देखणेपणात तिचे दुःख विरघळून जात नाही का. आणि शेवट बदलून रायांनी टागोरांना सौम्य केले का. मी आयुष्याची काही वर्षे संकलनाच्या टेबलावर काढली आणि त्यानंतर बराच काळ रसास्वादाचे वर्ग घेतले. त्या वर्गांत हा चित्रपट मी जितक्या वेळा दाखवला तितक्या वेळा हेच तीन प्रश्न थोड्याफार फरकाने समोर आले. ते वेगवेगळे नाहीत, एकाच प्रश्नाची तीन तोंडे आहेत असे मला वाटते, म्हणून उत्तर सलगच देतो.

कथा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे अधांतरी राहणार नाही. कलकत्त्यातला श्रीमंत भूपती स्वतःच्या पैशाने इंग्रजी वर्तमानपत्र चालवतो. चित्रपटात त्याचे नाव 'सेंटिनेल' आहे आणि काळ १८७९-८० चा आहे. त्याची पत्नी चारू निपुत्रिक आहे, वाचनाची वेडी आहे आणि मोठ्या घरात दिवसभर एकटी असते. भूपतीचा आतेभाऊ अमल घरी राहायला येतो. तो लिहितो, गातो, थट्टा करतो. चारूला लेखनाची गोडी लावावी, मात्र ते तिला कळू देऊ नये, असे भूपतीच त्याला सांगतो. पुढे काय होणार हे वाचकाला दिसत असते, फक्त त्या घरातल्या तिघांना दिसत नसते.

आता सुरुवातीचा प्रसंग जवळून पाहू, कारण माझ्या मते संपूर्ण चित्रपटाची किल्ली तिथेच आहे. चारू रुमालावर 'बी' हे इंग्रजी अक्षर भरते आहे, नवऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर. ते भरून होते, नोकराला चहा न्यायला सांगून होते आणि मग तिच्यापुढे उरते ती आख्खी दुपार. ती कपाटातली पुस्तके चाळते, बंकिमचंद्रांचे नाव गुणगुणते, एक कादंबरी काढते. तेवढ्यात रस्त्यावरून माकडवाल्याच्या डमरूचा आवाज येतो. ती खिडकीच्या झडपा किलकिल्या करून बाहेर पाहते आणि मग धावत जाऊन हातात धरायची दांडीची छोटी दुर्बीण घेऊन येते. माकडवाला, पालखी, छत्री घेऊन चाललेला एक लठ्ठ गृहस्थ असे एकेक दृश्य ती या खिडकीतून त्या खिडकीत जात टिपत राहते. माणूस पुढे सरकला की तीही आतल्या आत पुढच्या खिडकीकडे सरकते. बाहेरचे जग मोकळे चालते आहे आणि ती त्याच्याशी समांतर, भिंतीच्या आतून चालते आहे. जवळजवळ सात मिनिटे संवाद नावालाच आहेत.

मग भूपती येतो. पुस्तक घ्यायला येतो, पुस्तक उघडून वाचत वाचतच परत जातो आणि बायको हाताच्या अंतरावर उभी आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. चारू काही बोलत नाही. ती दुर्बीण डोळ्याला लावते आणि नवऱ्याला पाहते, जसे थोड्या वेळापूर्वी त्या छत्रीवाल्या अनोळखी माणसाला पाहिले होते. मग दुर्बिणीचा हात खाली येतो आणि कॅमेरा झटक्यात तिच्यापासून दूर होतो. रसास्वादाच्या वर्गात इथे मी फिल्म थांबवत असे. एखादी तरी विद्यार्थिनी म्हणायची की ही बाई रागावलेली नाही, हिला कुणी पाहिलेले नाही. मला तेच ऐकायचे असायचे.

कथेत टागोरांनी हेच एका वाक्यात सांगितले आहे. बालवधू चारू हळूहळू तारुण्यात आली, ही एवढी मोठी बातमी वर्तमानपत्राच्या संपादकाला नीटशी कळलीच नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. निवेदकाला असे म्हणता येते. चित्रपटाला निवेदक नाही, आणि पडद्यावर कुणाच्या तोंडून ते वाक्य वदवले असते तर ते उथळ झाले असते. म्हणून रायांनी ते वाक्य एका वस्तूत घातले. दुर्बीण हे दूरचे जवळ आणण्याचे साधन आहे, आणि चारूला ते वापरावे लागते जवळच्याच माणसावर. साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर म्हणजे काय, हे शिकवताना मला याहून चांगले उदाहरण अजून सापडलेले नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथूनच सुरू होते. चारूला जे हवे आहे ते पहिल्यांदा अमल नव्हेच. तिला हवी आहे तिच्याकडे वळलेली नजर. ती स्वतः सतत पाहते आहे, वाचते आहे, टिपते आहे. तिच्या पाहण्याला उत्तर देणारे मात्र कुणी नाही. मग वादळी वारा सुटतो, घरात कागद उडू लागतात, दारे आपटतात आणि अमल बंकिमचंद्रांची ओळ मोठ्याने म्हणत आत येतो. जो लेखक दुपारी तिच्या ओठांवर होता त्याचेच शब्द उच्चारत तो येतो. ओढ कुठून सुरू होणार हे रायांनी त्या क्षणीच ठरवून टाकले आहे: वाचणाऱ्या बाईला वाचणारा माणूस भेटला.

मराठी वाचकाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही, ती म्हणजे वहिनी आणि दिराच्या नात्यातली मोकळीक. आपल्याकडे 'भाऊजी' म्हणून हाक मारणारी वहिनी थट्टा करू शकते, हक्काने रागावू शकते, लाड करू शकते, आणि घरातले कुणी त्याकडे वळूनही पाहत नाही. बंगाली घरात 'बौठान' आणि 'ठाकुरपो' या दोन संबोधनांत तशीच मुभा आहे. ही मुभाच इथे पडद्यासारखी काम करते. पान करून देणे, फाटलेले कपडे शिवणे, सपाता भरून देणे, वही करून देणे, सारे नात्याच्या हद्दीत आहे, आणि त्यामुळे हद्द कधी ओलांडली गेली हे खुद्द चारूलाही उशिरा कळते. अमल घरात आहे तोवर टागोर आणि राय दोघांनीही तिला कुठे लपवाछपवी करायला लावलेली नाही. तिला लपवण्यासारखे काही आहे हेच तिला ठाऊक नाही. या निर्मळपणामुळे ही कथा मला इतर अनेक विवाहबाह्य प्रेमाच्या कथांपेक्षा जास्त भयंकर वाटते, कारण इथे दोषी धरायला कुणीच सापडत नाही.

आता बागेतला झोपाळा. अमल झाडाखाली चटईवर पालथा पडून लिहितो आहे. चारू झोपाळ्यावर बसून टागोरांचे 'फुले फुले ढोले ढोले' गुणगुणते आहे, आणि सुब्रत मित्रांचा कॅमेरा तिच्या चेहऱ्यासमोर राहून तिच्यासोबतच झुलतो आहे. चेहरा स्थिर, मागची झाडे हलताहेत. त्यामुळे प्रेक्षकाला झोपाळा बाहेरून दिसत नाही, अंगात जाणवतो. मग तिच्या हातात पुन्हा तीच दुर्बीण येते. ती इकडेतिकडे पाहता पाहता एका खिडकीत थांबते. तिथे एक आई मूल घेऊन उभी आहे. दुर्बीण क्षणभर तिथेच राहते, मग वळते आणि अमलवर येते. चारू त्याला पाहत राहते, आणि तिच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळते. एक शब्दही उच्चारला जात नाही.

संकलक म्हणून मला या तुकड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती क्रमाची. आधी मूल, मग अमल. क्रम उलटा असता तर अर्थ बदलला असता. अमलला पाहून तिला मूल हवेसे वाटले, असा काहीसा सरधोपट निष्कर्ष निघाला असता. आहे त्या क्रमात मात्र तिच्या आयुष्यात जे जे रिकामे आहे ते सारे एका नजरेत गोळा होऊन शेवटी एका माणसावर येऊन ठेपते. म्हणून ही ओढ प्रेम आहे, शरीराची आहे की सवयीची, अशी फोड करता येत नाही. ती तिन्ही आहे, आणि शिवाय लेखनाची आहे. तिला तो हवा आहे आणि त्याच्यासारखे होणेही हवे आहे. हे दुसरे हवेपण आपण बऱ्याचदा विसरतो, कारण स्त्रीची इच्छा म्हटली की ती पुरुषाविषयीच असणार असे आपण गृहीत धरून बसलेलो असतो.

याला पुरावा आहे तो वहीचा. चारू अमलला वही देताना अट घालते: यात लिहिलेले छापायला द्यायचे नाही. म्हणजे ते लेखन फक्त त्या दोघांचे राहील. तो अट मोडतो, लेख छापून येतो आणि त्याला केवढा आनंद होतो. तिला मात्र कुणीतरी घरातली खासगी वस्तू बाजारात मांडावी तसे वाटते. ती रडत बसत नाही, लिहायला बसते. आधी नेहमीच्या साच्यातले काही सुचते, ते ती टाकून देते. मग तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक चित्रे उमटत जातात: नदी, होड्या, जत्रा, दारूकाम, गावाकडची म्हातारी. 'आमार ग्राम' हा तिचा लेख, म्हणजे 'माझे गाव', छापून येतो. तिची भाषा साधी आहे, अमलच्या अलंकारिक भाषेपेक्षा कितीतरी जिवंत. तो अंक घेऊन ती त्याच्याकडे जाते, त्याच्या डोक्यात तो हाणते, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या छातीवर डोके ठेवून हुंदके देत म्हणते की मी पुन्हा लिहिणार नाही.

या प्रसंगावर माझ्या वर्गात नेहमी वाद व्हायचा. तिला यश मिळाले, मग ती लेखन सोडण्याची भाषा का करते? मला याचा अर्थ असा वाटतो की हरवलेली जवळीक परत मिळवायला तिने लेखन हत्यारासारखे वापरले, आणि ते हातात आल्यावर तिच्या ध्यानात आले की आता ती त्याची बरोबरीची झाली आहे. बरोबरीची झाल्यावर 'वहिनी' या शब्दाआड उभे राहता येत नाही. अमललाही त्याच क्षणी सारे कळते. त्याचा चेहरा पाहा, तो भांबावलेला आहे, सुखावलेला नाही. त्या काळी आपल्याकडेही रमाबाई रानडे यांच्यासारख्या बायका पतीच्या आग्रहाने आणि सासरच्या बायकांच्या रागाला तोंड देत शिकत होत्या, हे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचलेल्यांना माहीत आहे. चारूला असा विरोध कुणी करत नाही. तिच्यासमोर भिंत नाही, मोकळे अंगण आहे आणि त्यात कुणीच नाही. भूपती रुमाल पाहून विचारतो की हे करायला वेळ कधी मिळतो, आणि ती उलट विचारते की मला वेळेची कमतरता आहे का. भला माणूस आहे तो. त्याच्या भलेपणातच तिचे दुःख रुजलेले आहे.

आता देखणेपणाचा प्रश्न. तुम्हाला वाटलेली शंका रास्त आहे. बंसी चंद्रगुप्तांनी उभारलेले ते घर, भिंतींवरचे नक्षीदार कागद, गालिचे, खांब, मधला व्हरांडा, सगळेच पाहत राहावे असे आहे. सुब्रत मित्रांनी 'अपराजितो'पासून (१९५६) अंगवळणी पाडलेला परावर्तित, मऊ प्रकाश इथे इतका सहज आहे की चित्रीकरण स्टुडिओतल्या सेटवर झाले आहे हे विसरायला होते. चारूची भूमिका करणाऱ्या माधवी मुखर्जींचा चेहरा त्या प्रकाशात कसा दिसतो ते मी वेगळे काय सांगू. पण हे सौंदर्य कुणासाठी आहे ते पाहा. चारूसाठी ती रोजची भिंत आहे. ती त्या नक्षीदार कागदांकडे एकदाही कौतुकाने पाहत नाही. ती पाहते ते झडपांच्या फटीतून दिसणाऱ्या धुळीच्या रस्त्याकडे. प्रेक्षकाला घर सुंदर दिसते आणि तिला ते अपुरे पडते. या दोन अनुभवांतले अंतर हाच चित्रपटाचा ताण आहे. घर कळकट असते तर तिच्या अस्वस्थतेला सोपे कारण मिळाले असते, आणि आपण तिला दारिद्र्याची किंवा जाचाची बळी मानून मोकळे झालो असतो. ऐश्वर्यात गुदमरणाऱ्या माणसाबद्दल सहानुभूती वाटायला लावणे अवघड असते. राय ते करतात, आणि त्यासाठी त्यांना ते ऐश्वर्य खरोखर सुंदर दाखवावेच लागते.

अमलच्या देखणेपणाचेही तसेच आहे. सौमित्र चॅटर्जी रूपवान आहेत यात शंका नाही, पण राय त्यांना नायकासारखे सजवून समोर आणत नाहीत. तो आळसावलेला आहे, थोडा बढाईखोर आहे, कच्चा आहे. 'आमि चिनि गो चिनि' गाताना (आवाज किशोरकुमारांचा) तो थट्टेच्या सुरात गातो. चारू ज्या नजरेने त्याला पाहते तिच्यातून तो सुंदर होतो. आपण त्याला तिच्या दुर्बिणीतून पाहिलेले असते, त्यामुळे नंतर दुर्बीण नसतानाही तो तसाच दिसत राहतो. इच्छेचे हे काम पडद्यावर इतके नेमके पकडलेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

संगीताबद्दल एकच सांगतो. टागोरांच्या 'मम चित्ते निति नृत्ये' या गाण्याच्या चालीवरून रायांनी मुख्य धून बांधली. चारू जे बोलत नाही ते ती धून बोलते, पण कधीही तिच्या पुढे धावत नाही.

समुद्रकाठचा प्रसंग मला कमी भावतो, हे मान्य करतो. अमल रातोरात चिठ्ठी ठेवून निघून गेला आहे; भूपतीचा मेहुणा उमापद याने पैसे लुबाडून त्याला बुडवले, आणि 'आता विश्वास कुणावर ठेवायचा' हे भूपतीचे शब्द ऐकल्यावर अमलला तिथे राहणे अशक्य झाले. त्यानंतर नवराबायको समुद्रावर जातात, नव्या वर्तमानपत्राचे बेत करतात. इंग्रजी बाजू त्याने सांभाळायची, बंगाली तिने. मोकळे आकाश दाखवायची गरज मला कळते, पण घराच्या आत जी वीण घट्ट विणली गेली होती ती इथे जराशी सैल होते. घरी परतल्यावर मात्र अमलचे पत्र येते, पुन्हा वारा सुटतो आणि चारू कोसळते. भूपती ते पाहतो. ज्याने तिला इतकी वर्षे पाहिले नाही त्याने तिला पहिल्यांदा खरेखुरे पाहिले ते या क्षणी.

अनेक जण या कथेचा उलगडा टागोरांच्या चरित्रातून करू पाहतात. त्यांच्या थोरल्या भावाच्या, ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नी कादंबरी देवी रवींद्रनाथांहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या, त्यांच्या लेखनाच्या पहिल्या वाचक, आणि १८८४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. हे माहीत असणे चांगले, पण त्याला किल्ली मानू नका. चारूला कादंबरी देवींची सावली मानले की तिचे लेखन, तिचा राग, तिची अट हे सगळे मागे पडते आणि उरते ती फक्त एका थोर लेखकाची प्रेरणा.

शेवटचा प्रश्न शेवटाचा. कथेत गोष्ट अधिक कठोर आहे. तिथे अमल लग्न करून विलायतेला जातो. त्याची खुशाली कळावी म्हणून चारू गुपचूप दागिने गहाण टाकून तार करते, आणि त्या तारेचे उत्तर भूपतीच्या हाती पडते. पुढे तो म्हैसूरला वर्तमानपत्राचे काम घेऊन निघतो. ती म्हणते, मलाही न्या. तो क्षणभर थबकतो, कारण जिच्या मनात दुसरा आहे तिला सोबत घेऊन जगायचे या कल्पनेने तो हादरतो. मग तिचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहून म्हणतो, चल. आणि चारू म्हणते, 'ना, थाक्'. नको, राहू दे. तिथेच कथा संपते.

चित्रपटात भूपती घोडागाडीतून रात्री भटकून परत येतो. दारात चारू उभी आहे. ती म्हणते, 'एशो', या. आणि हात पुढे करते. तो अडखळत हात पुढे आणतो, आणि दोन हात एकमेकांना भिडण्याआधी चित्र गोठते. मग एकेक स्थिर चित्र: तिचा चेहरा, त्याचा चेहरा, दिवा घेऊन उभा नोकर, दुरून दिसणारी ती दोघे. पडद्यावर अक्षरे येतात: 'नष्टनीड'.

रायांनी सौम्य केले असे तुम्ही म्हणता. पण कोण काय म्हणते याची अदलाबदल झाली आहे, ती पाहा. कथेत शेवटी बोलावणारा नवरा आहे आणि नकार तिचा आहे. चित्रपटात बोलावणारी ती आहे आणि अडखळणारा तो. कथेतल्या चारूने 'राहू दे' म्हणून आपली प्रतिष्ठा वाचवली. चित्रपटातल्या चारूकडे तेवढाही आडोसा नाही. सबंध चित्रपटभर खिडकीआडून, झडपांआडून, भिंगाआडून पाहत आलेली ही बाई आता दुर्बिणीशिवाय, उघड्या दारात, हात पुढे करून उभी आहे, आणि समोरचा माणूस आज पहिल्यांदा तिच्याकडे पाहतो आहे. त्याच्या डोळ्यांत काय आहे ते तिला स्पष्ट दिसते. तरीही तिचा हात खाली येत नाही.